इंजिनाला हवा कमी पडते की धूळ जास्त होते?



गळीत हंगाम भरात आला की गडमुडशिंगीजवळ रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहावे आणि उसाच्या वाहनांच्या नंबरप्लेटी वाचाव्यात. ऊस करवीर तालुक्याचा, पण वाहने एमएच २३, एमएच २१, एमएच १३, एमएच २५. म्हणजे बीड, जालना, सोलापूर, धाराशिव. सगळे कापसाचे आणि ज्वारीचे जिल्हे. पावसाने दगा दिला, कापसाने कर्ज फेडले नाही, की आपला कोरडवाहू शेतकरी शाळूची पेर उरकून, कर्जाने घेतलेला ट्रक किंवा ट्रॅक्टर घेऊन चार-पाच महिने उसाच्या मुलखात येतो. घरच्या शेतीतला तोटा दुसऱ्याच्या शेतातला माल वाहून भरून काढायचा, हे त्याचे अर्थशास्त्र.

या माणसाचे एक पीक बुडाले तर तो पुढच्या पावसाची वाट बघतो. हंगामाच्या मध्यात इंजिन बसले तर वाट बघायलाही सवड नसते. बँकेचा हप्ता थकतो, टोळीला दिलेली उचल अंगावर पडते, कारखान्याशी केलेला करार तोंड वासून उभा राहतो. म्हणून आजचा प्रश्न वरवर मिस्त्रीचा वाटला तरी तो शेतकऱ्याच्या ताळेबंदाचा आहे.

बैठकांतून तरुण मंडळी आम्हाला हल्ली सारखे विचारतात, "साहेब, गाडीचा कंपनी फिटिंग हवेचा डबा काढून बाहेरचा मोकळा फिल्टर आणि पायपिंग बसवले तर पिकअप वाढतो म्हणतात. बसवावे का?" दुकानदार सांगतो की कंपनीने इंजिनाचा गळा आवळून ठेवला आहे, तो मोकळा करा, ताकद वाढेल, डिझेल कमी जळेल, शिवाय फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येईल, जन्मात बदलायला नको. ऐकायला गोड आहे. आपण हिशेब मांडून बघू.

दीड टँकर हवा

एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम. एक किलो डिझेल पुरते जाळायला साडेचौदा किलो हवा लागते. म्हणजे लिटरमागे बारा किलो. हवेचे वजन घनमीटरला सुमारे १.२ किलो, म्हणजे ही झाली दहा घनमीटर, दहा हजार लिटर हवा. उन्हाळ्यात आपल्या गावात पाण्याचा दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, तेवढी. हे झाले किमान. डिझेल इंजिन पुऱ्या भारावरही या किमान गरजेहून बरीच जास्त हवा ओढते, भार कमी असेल तर त्याहूनही जास्त. लिटरमागे दीड टँकर धरायला हरकत नाही.

इथेच दुकानदाराच्या युक्तिवादाचा पाया खचतो. पेट्रोलच्या जुन्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की हवेची झडप उघडते. डिझेल इंजिनात हवा आधीच भरपूर असते; ताकद किती निघायची ते पंप किती डिझेल सोडतो यावर ठरते. डिझेल तेवढेच ठेवून हवा वाढवली तर ताकद वाढत नाही. पाणी तेवढेच असताना पाट रुंद करण्याचा हा प्रकार. मग कोणी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेलही वाढवतो. गाडी काही दिवस उधळते, काळा धूर ओकते, पिस्टनच्या माथ्यावरची उष्णता वाढते आणि डिझेलचा खर्च तर वाढतोच. त्यात हवेच्या नव्या पाइपाचे कर्तृत्व काहीच नसते.

गळा आवळला तरी किती?

विहिरीवर पंप चालवणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. पंप कितीही मोठा आणा, चौतीस फुटांपलीकडून तो पाणी ओढू शकत नाही. कारण पाणी वर ढकलते ते बाहेरच्या हवेचे वजन, आणि त्याची ताकद समुद्रसपाटीला चौतीस फूट, म्हणजे सुमारे ४०८ इंच पाण्याएवढी आहे. तीच हवा इंजिनातही शिरते.

फिल्टरचा अडथळाही पाण्याच्या इंचांतच मोजतात. चांगल्या स्थितीतल्या फिल्टरचा आणि पाइपांचा अडथळा पुऱ्या वेगाला दहा इंचांच्या आसपास असतो. अवजड डिझेल इंजिनांत तो पंचवीस इंचांवर गेला की फिल्टर बदला, असे बनवणारेच सांगतात. आता भागाकार करा. ४०८ पैकी १० म्हणजे अडीच टक्केसुद्धा नाहीत. फिल्टर मुळातून उपटून फेकला तरी मिळणारी हवा एवढीच, आणि तीही आधीच जास्त असलेल्या हवेत भर. याउलट फिल्टर चोंदला तर सहा टक्के आणि त्यापुढे जाते. तेव्हा गळा आवळलाच असेल तर तो कंपनीच्या डब्याने नव्हे, वेळेवर न बदललेल्या फिल्टरने. नवा फिल्टर बसवल्यावर "गाडी मोकळी झाली" असे जे वाटते, त्यातले खरे श्रेय बहुधा जुना चोंदलेला फिल्टर निघाल्याचे असते. मूळ मापाचा नवा एलिमेंट घातला असता तरी तेच वाटले असते.

आणखी एक गोष्ट. मूळ डब्याचे तोंड बहुतेक गाड्यांत बाहेरच्या थंड हवेकडे असते. मोकळा शंकू बॉनेटखाली बसवला की तो इंजिनाचीच तापलेली हवा ओढतो. हवा दहा अंश तापली की सुमारे तीन टक्क्यांनी पातळ होते. म्हणजे अडथळा काढून अडीच टक्के कमावले आणि गरम हवेत तीन घालवले.

मग आवाज का वाढतो? मूळ डबा हवेचा आवाजही गिळतो. डबा काढला की टर्बोची शिट्टी आणि हवेचा सोसाटा चालकाच्या कानाशी येतो. पोळ्याला गळ्यात मोठी घुंगरमाळ बांधल्याने बैलाची ओढ वाढत नाही. गाडी घाट कोणत्या गियरमध्ये चढली आणि खेपेला डिझेल किती लागले, हे वहीत लिहून बघावे. कान फसतो, वही फसत नाही.

धुळीचा हिशेब

आता ज्या कामासाठी हा डबा बसवला आहे त्याकडे वळू. मातीच्या कणांचे तीन वर्ग आपण माती परीक्षणात ऐकतो: वाळू, पोयटा आणि चिकण. पोयट्याचा कण दोन ते वीस मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड, यावरून अंदाज करा. रिंग आणि लायनर यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो तो अवघ्या काही मायक्रॉनचा. त्याहून बारीक कण तेलातून निघून जातो, फार मोठा कण बहुधा फिल्टरमध्ये अडकतो. पाच ते वीस मायक्रॉनचा कण मात्र नेमका त्या फटीत बसतो आणि कानशीसारखा घासतो. रब्बीला जी पोयट्याची जमीन सोन्यासारखी, तिचीच उडालेली धूळ इंजिनाला विषासारखी. तिच्यात रस्त्यावरच्या मुरमाची आणि खडीची भुकटी मिसळली की विचारूच नका.

धूळ इतकी की पुढचे काहीच दिसत नाही, अशा हवेत घनमीटरला सुमारे एक ग्रॅम धूळ धरतात. उसाच्या फडातून निघताना, दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे चालताना याच्या दहावा हिस्सा धरू. समजा गाडी दिवसाला चार तास अशा रस्त्यावर चालते, तासाला पाच लिटर डिझेल पिते आणि हंगाम १२० दिवसांचा आहे. तासाला ७५ घनमीटर हवा, दिवसाला ३००. धूळ दिवसाला ३० ग्रॅम, हंगामाला ३ किलो ६०० ग्रॅम.

चांगला सुका कागदी फिल्टर यातली ९९.९ टक्के धूळ अडवतो. आत जाते ३.६ ग्रॅम, एक चिमूट. ९८ टक्के अडवणारा फिल्टरही ऐकायला उत्तमच वाटतो. परीक्षेत ९८ मिळाले तर आपण पेढे वाटू. पण त्यातून आत जाते ७२ ग्रॅम, म्हणजे वीस पट, चांगली मूठभर. मूठभर माती घेऊन इंजिनात टाक असे कोणी सांगितले तर आपण त्याला वेड्यात काढू. शंभरातले किती अडवले हे विकणारा सांगतो. आपण विचारायचे ते किती सोडले.

हे नुकसान एका दिवसात दिसत नाही, म्हणूनच ते घातक. आधी इंजिन ऑइल खाऊ लागते, मग ब्रीदरमधून धूर मारते, सकाळी सुरू व्हायला कुरकुरते, शेवटी कॉम्प्रेशन जाते. तोवर दुकानदाराला पैसे देऊन दोन हंगाम उलटलेले असतात. मिस्त्री म्हणतो "रिंगा गेल्या", चालक म्हणतो "तेल भेसळीचे होते", आणि खरा गुन्हेगार बॉनेटखाली चकाकत राहतो.

कापसाची जाळी

मोकळ्या फिल्टरांतले बरेचसे कापसाचे असतात, हे कापूसवाल्यांना सांगितले पाहिजे. सुती जाळीचे थर तारेच्या दोन जाळ्यांमध्ये घालून त्याला तेल लावतात. कॅलिफोर्नियात १९६९ साली सुरू झालेल्या केअँडएन या कंपनीमुळे हा प्रकार जगभर माहीत झाला. ही काही फसवणूक नाही. चांगल्या कंपनीची जाळी नीट धुतली, पुरती वाळवली आणि मोजून तेल लावले तर डांबरी रस्त्यावर ती काम देते. शर्यतीच्या गाडीला तर ती शोभतेच. पण शर्यतवाला आपले इंजिन वरचेवर खोलतो. आपल्याला तेच इंजिन कर्ज फिटेपर्यंत आणि त्यानंतरही दहा वर्षे चालवायचे आहे.

शिवाय कागदी फिल्टरवर धुळीचा थर बसत गेला की तो काही काळ अधिकच बारीक गाळतो. जाळी दर वेळी धुवावी लागते आणि दर वेळी तेलाचा अंदाज चुकू शकतो. तेल कमी पडले तर धूळ आत जाते. जास्त झाले तर ते हवेबरोबर उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसते. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत असा सेन्सर बिघडला की संगणकाचे गणितच चुकते, दिवा लागतो, गाडी ओढ टाकते. आणि ज्या तळावर प्यायच्या पाण्याची मारामार तिथे फिल्टर धुऊन वाळवायचा कधी? कापूस आपला आहे म्हणून त्याची जाळी आपल्या कामाची, असे होत नाही.

हे वाचून जुन्या ट्रॅक्टरचे मालक म्हणतील, आमच्याकडे तर तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर आहे. त्यांनी तो ठेवावा, पण वाटीतले तेल खुणेपर्यंत आणि स्वच्छ ठेवावे. हंगामात रोज वाटी बघावी; तळाशी चिखल साचला की डिझेलने धुऊन तेल बदलावे. तेलाची वाटी कागदाइतके बारीक गाळत नाही, म्हणून तिथे आळस अधिक महाग पडतो.

मग कंपनीची तरफदारी का?

काही मित्र म्हणतील की कंपन्यांच्या मक्तेदारीविरुद्ध बोलणारे तुम्ही, आज कंपनीचाच डबा ठेवा म्हणता. आम्ही कंपनीची तरफदारी करत नाही. सुट्या भागांच्या बाजारात कंपन्या काय करतात हे २०१४ साली स्पर्धा आयोगाने उघड केले. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या. दुसऱ्याने बनवलेला भाग विकत घेण्याचा आपला हक्क आम्हाला मान्य आहे, इतकेच नव्हे, तो आम्ही मागतो. ज्या कोल्हापूरने ऑइल इंजिने बनवून खेडोपाडी पाठवली, ज्याच्या शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत आणि गडमुडशिंगीपासून जवळच असलेल्या गोकुळ शिरगावात आजही इंजिनाचे भाग ओतले आणि कातले जातात, त्या कोल्हापुरात उभे राहून "बाहेरचे म्हणजे वाईट" असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल.

पण दोन गोष्टींत फरक करा. त्याच मापाचा, त्याच डब्यात घट्ट बसणारा, दुसऱ्या चांगल्या उत्पादकाचा कागदी एलिमेंट घेणे म्हणजे स्पर्धेचा फायदा घेणे. डबाच काढून मोकळा शंकू बसवणे म्हणजे इंजिनाचे दार काढून ठेवणे. पहिल्यात पैसे वाचतात, दुसऱ्यात इंजिन जाते.

कायद्याचेही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए मध्ये नियमाबाहेरच्या फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हवेची पाइप बदलली म्हणून उद्या कोणी तुरुंगात टाकेल असे आम्ही म्हणत नाही. पण रस्त्यावर अडवणाऱ्याला निमित्त आणि वॉरंटी नाकारणाऱ्याला कारण आपल्याच पैशाने का पुरवायचे?

कोल्हापूरच्या वाटेवर पाण्याचाही विचार हवा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली गेला होता. इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढले तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मूळ तोंड कंपनीने उंचावर ठेवलेले असते. खाली आणलेला शंकू पहिल्या ओढ्यातच घात करील.

पैसे कुठे घालावेत

मोकळ्या फिल्टरला जे पैसे जाणार होते ते असे वापरा.

१. मूळ मापाचे दोन एलिमेंट हंगामापूर्वीच घेऊन ठेवा, म्हणजे फडात असताना जुनाच झटकून घालायची पाळी येणार नाही.

२. एलिमेंट टायरवर आपटू नका, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या पुऱ्या दाबाने फुंकू नका. हवा मारायचीच तर आतून बाहेर, अंतर ठेवून आणि कमी दाबाने. अनेक पुस्तिका तीस पौंडांची मर्यादा घालतात. नंतर आत दिवा धरून बघा. कुठे ठिपका उजळला तर तो एलिमेंट संपला. दोन एलिमेंट असतील तर आतला छोटा कधीच साफ करायचा नसतो, फक्त बदलायचा.

३. फिल्टरपासून इंजिनापर्यंतच्या रबरी होजच्या क्लिपा आवळा. फिल्टरनंतरच्या पाइपात आतून पांढरे फडके फिरवा. फडक्याला धूळ लागली तर फिल्टर कितीही भारी असो, हवा आडवाटेने शिरते आहे.

४. डब्याखालची रबरी चोच रोज दाबून धूळ पाडा. कापसाच्या गंजीजवळ किंवा जिनिंगच्या आवारात काम असेल तर तोंडाच्या जाळीवर बसलेली रुई काढा.

५. बाहेरचे काही बसवायचेच असेल तर अडथळा दाखवणारा इंडिकेटर बसवा. तो लाल झाला की एलिमेंट बदला. नुसता मळका दिसतो म्हणून आधी उघडू नका, दर उघडण्याला थोडी धूळ आत जाते. फारच धुळीच्या कामाला, इंजिनाच्या हवेच्या मापाचा, धूळ गरगर फिरवून बाहेर टाकणारा प्री-क्लीनर मूळ डब्याच्या आधी लावणे शहाणपणाचे. तो जोडताना मात्र वाहनाच्या विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्या.

डब्यावर आकडे छापा

शेवटी मागणीचा मुद्दा. कापसाच्या बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीची टक्केवारी छापावी लागते; १९६६ च्या बियाणे कायद्याने ते बंधन घातले. खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश छापलेले असते. फिल्टरच्या खोक्यावर मात्र वाघाचे चित्र आणि "जास्त ताकद" एवढेच. हवेच्या फिल्टरची चाचणी कशी घ्यावी याचे आयएसओ ५०११ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्या चाचणीत तीन आकडे निघतात: धूळ किती टक्के अडवली, पुऱ्या हवेला अडथळा किती, आणि चोंदेपर्यंत किती ग्रॅम धूळ सामावली. हे तीन आकडे प्रत्येक खोक्यावर मराठीत छापले गेले पाहिजेत, मग ते खोके कंपनीचे असो की बाहेरचे. कंपनीच्या नावाला भुलून चढ्या भावाने घेऊ नये आणि दुकानदाराच्या शिट्टीला भुलून इंजिन गमावू नये, यासाठी आपल्याला एवढेच हवे आहे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या फिल्टरांची रिकामी खोकी आणावीत. त्यांवर काय छापले आहे आणि काय नाही हे सगळ्यांसमोर वाचून दाखवू, आणि मागणीचा मसुदा तिथेच करू. तोवर मूळ डबा जागेवर राहू द्या, एलिमेंट नवा घाला आणि क्लिपा आवळा.